पास फर्स्टचा, रिझल्ट सेकंडचा!

दहावीचा रिझल्ट म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा कार्यक्रम असायचा. पेढे असोत नाहीतर बोलणी, खायला सोबत माणसं असायची. नोकरी करत दिलेल्या एम.ए. पार्ट वनचा रिझल्ट मात्र एकट्यानेच बघायचा असतो. लंच टाइममध्ये, मोबाइलवर. सरासरी ५४ टक्के. तेवढ्यात मागून बॉस विचारतो, ‘प्रेझेंटेशन झालं का?’ आणि आपण म्हणतो, ‘पाच मिनिटांत पाठवतो सर!’ संपलं. ओरडायला कोणी नाही, समजूत काढायलाही नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणते, ‘नोकरी सांभाळून एवढं केलंस, खूप झालं.’ मित्र म्हणतात, ‘च्यायला, आता मार्क विचारतंय कोण?’ दोन्ही बोलणी प्रेमाची, पण मार्क विचारणारे असतात बरं! पुढेमागे कॉलेजात शिकवायचं डोक्यात असेल, तर नेटच्या परीक्षेला बसण्यासाठी खुल्या गटाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात. तिथे ५४.९ म्हणजे ५५ होत नाहीत. त्यामुळे मन खट्टू झालं, तर त्यात वेडेपणा काही नाही.

पण टेन्शन घेण्याआधी मार्कशीट नीट वाचा. आपण फक्त टोटल बघतो आणि स्वतःला ‘ढ’ ठरवून मोकळे होतो. इग्नूचं उदाहरण घ्या. तिथे बहुतेक कोर्सना ३० टक्के वजन असाइनमेंटला आणि ७० टक्के परीक्षेला असतं. समजा, असाइनमेंटला ७५ आणि पेपरात ४५ मिळाले. हिशेब येतो बरोब्बर ५४. याचा अर्थ विषय कळलाय, पण दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या हाताची तीन तास पेनाने लिहायची सवय मोडलीय. आता उलटं बघा. असाइनमेंटला ४५ आणि पेपरात ५८. टोटल पुन्हा ५४च! इथे लेखन झकास आहे. असाइनमेंट मात्र शेवटच्या तारखेला, रात्री एक वाजता उरकलेली आहे. आकडा एकच, दुखणी दोन. पहिल्याला औषध म्हणजे रविवारी सकाळी घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवणं. दुसऱ्याला, महिनाभर आधी बसणं.

पेपर खरंच चांगला गेला होता आणि मार्क पटतच नाहीत? मग रीइव्हॅल्युएशनचा फॉर्म भरा. निकालानंतर महिन्याभराची मुदत असते आणि दोन्हींपैकी जास्तीचे मार्क धरतात. नुसतं चहाच्या टपरीवर ‘पेपर तपासतात कुठे हो नीट!’ म्हणून काही होत नाही.

आणखी एक. इग्नू १९८५ साली सुरू झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. ज्यांना रोज कॉलेजात जाऊन बसता येत नाही, अशांसाठीच ही विद्यापीठं निघाली. इग्नूचं दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं, परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. म्हणजे सगळे पेपर एकाच जूनमध्ये कोंबायची सक्ती नाही. मार्च एंडिंगला तुमचं ऑफिस जीव काढत असेल, तर निम्मे पेपर डिसेंबरला ठेवा. याला मागे पडणं म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात. ऑफिसात रोज तेच तर करता ना?

राहता राहिला प्रश्न, पार्ट टू करायचा की सोडून द्यायचं? रिझल्टच्या संध्याकाळी हा निर्णय घेऊ नका. त्या संध्याकाळी सगळ्यांनाच सोडून द्यावंसं वाटतं. दोन दिवसांनी शांतपणे गणित मांडा. दोन्ही वर्षांचे मार्क सारखेच धरले, तर पहिल्या वर्षीच्या ५४ वर दुसऱ्या वर्षी ५६ मिळाले की सरासरी ५५ होते. म्हणजे दर पेपरात शंभरातले फक्त दोन मार्क वाढवायचेत. दोन!