शेळी गाभण कीं भाकड?

शेळी फळली कीं नाहीं हें ओळखण्याच्या आमच्या भागांतील रीती पुष्कळ आहेत. कोणी पोटाकडे पाहून सांगतो, कोणी कास चाचपतो. पहिल्या दोन महिन्यांत या निदानांस फारसा आधार नसतो, असें माझें स्पष्ट मत आहे. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते; आधीं पोट मोठें दिसतें तें चाऱ्यानें.

प्रारंभीं पाहण्याजोगें चिन्ह म्हणजे माज थांबणें. शेळी साधारणपणें २१ दिवसांनीं माजावर येते. बोकड दाखविल्यानंतर १८ ते २४ दिवसांच्या सुमारास ती पुन्हां ओरडूं लागली, शेपूट हलवूं लागली, तर ती उलटली असें समजावें. हे दिवस शांतपणें गेले तर गाभण असण्याचा संभव धरावा. परंतु बोकड कोणत्या दिवशीं दाखविला हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें दिवस मोजावे कोठून?

महसूल खात्यांत कारकुनी करतांना दुसऱ्यांच्या सात-बाराच्या नोंदींत माझी उमर गेली. स्वतःच्या गोठ्यांतील नोंद मात्र ठेविली नाहीं. सेवानिवृत्तीनंतर पाळलेली एक संगमनेरी शेळी दूध घटलें म्हणून मीं भाकड ठरविली आणि खाटकाच्या भावानें विकली. घेणाऱ्यानें ती ठेवून घेतली. तिसऱ्या महिन्यांत त्याच्या दारीं ती व्याली, दोन करडें झालीं! दूध घटण्यास चारा, आजार अशीं कारणें असतात, तसेंच गाभणपणही असतें, हें मला तेव्हां सुचलें नाहीं.

तारीख ठाऊक नसल्यास दुसराही धोका आहे. जंतांवरील अल्बेंडाझोल हें औषध पहिल्या महिन्यांत पाजल्यास गर्भांत व्यंग येऊं शकतें. आपण तर सगळ्या कळपास सरसकट पाजतों.

नुसती नोंदही पुरेशी नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. माज कधीं मुका असतो. कधीं गर्भ नसतांही पिशवींत पाणी सांचून माज थांबतो, पोट वाढतें, आणि शेवटीं पाण्याखेरीज कांहीं बाहेर येत नाहीं. याचा उलगडा पांचव्या-सहाव्या आठवड्यांत पशुवैद्याकडून सोनोग्राफी केल्यानें होतो. तें यंत्र एकट्यास परवडत नाहीं. म्हणून आपल्या संस्थेनें महिन्यांतून एक दिवस पशुवैद्यास यंत्रासह बोलवावें व खर्च सभासदांत वांटावा, अशी माझी सूचना आहे.

माझ्या गोठ्यांत आतां दिनदर्शिका टांगलेली आहे. दाखविल्याच्या तारखेस एक खूण, तिच्यापुढें १५० दिवसांवर दुसरी. आणि दुसरीच्या दोन महिने आधीं दूध काढणें बंद. घरचीं मंडळी हंसतात, हंसोत.