हर्नियाची जाळी : मोल किती, गुण किती?

जांघेतील हर्नियाला, अर्थात अंतर्गळाला, शस्त्रक्रियेवाचून कायमचा उपाय नाही. पोटाच्या भिंतीचा कमकुवत भाग ओढून टाक्यांनी शिवण्याची, इटलीच्या बॅसिनी यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली रीत शंभर वर्षे चालली. मात्र ताणाखालचे टाके सुटत आणि हर्निया पुन्हा डोके वर काढी. अमेरिकेतील डॉ. आयर्विंग लिक्टेन्स्टाइन यांनी १९८९ मध्ये ताण न देता कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याची पद्धत मांडली आणि चित्र पालटले.

जाळीचा गुण आता वादातीत आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार, टाक्यांऐवजी जाळी वापरल्यास दर ४६ शस्त्रक्रियांमागे एका रुग्णाचा हर्निया पुन्हा उद्भवणे टळते. आकडा लहान वाटेल; पण हातावर पोट असलेल्या हमालासाठी दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा बुडालेली मजुरी.

प्रश्न उरतो तो किमतीचा. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातूनच आले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. अनेक केंद्रांतील त्याच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पूर्व युगांडातील ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया उलटला, तर महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. अर्थात, हे काम शल्यविशारदाने पारखून निर्जंतुक केलेल्या कापडाचे. घरातील अथवा कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीचे नव्हे.

तथापि, हर्निया न उलटणे म्हणजेच यश, असे मानणे अपुरे ठरेल. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, शस्त्रक्रियेनंतर सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना दीर्घकाळ वेदना राहतात. मज्जातंतूला झालेली इजा हे त्यामागील एक कारण. टाक्यांच्या पद्धतीतही हा त्रास होतो. त्यामुळे जाळीच्या दर्जाइतकेच महत्त्व शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला आहे.

शिवाय घाई प्रत्येकालाच आवश्यक नसते. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबणे सुरक्षित असल्याचे २००६ मधील अमेरिकी अभ्यासात दिसून आले. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश पुरुषांनी दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. स्त्रियांना मात्र थांबण्याचा सल्ला दिला जात नाही. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी होणाऱ्या हर्नियाचे प्रमाण अधिक असते आणि त्यात आतडे अडकण्याचा धोका मोठा असतो.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत : शस्त्रक्रिया आताच हवी का, जाळी कोणती, तुमच्या किती रुग्णांचा हर्निया उलटला आणि किती जणांचे दुखणे मागे राहिले? जाळीच्या वेष्टनावर छापलेल्या किमतीतून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.