वाढदिवसाला अनाथाश्रम? आता पुरे!



आज जरा कडू लिहिते. राग आला तर घरी या, चहा घेत भांडू.

मुलाचा वाढदिवस आला की आपण अमरावतीत काय करतो? एखाद्या आश्रमात जातो. केक, बिस्किटांचे पुडे, फोटो. "बघ, यांच्याकडे काही नाही. तुझ्याकडे किती आहे!" मीही तीन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षी एक चिमुरडी पुडा न उघडता हातात धरून उभी होती. फोटो निघायचा होता ना! तिला सवय झाली होती. आणि त्याच रात्री माझ्या लेकाने अर्धं ताट टाकलं.

काय शिकला तो? आपण देणारे, ते घेणारे. ही कृतज्ञता नाही, हा तर मान कषाय! दुसऱ्याच्या लेकराचं दुःख म्हणजे आपल्या लेकराचं पाठ्यपुस्तक नव्हे.

"मग दान करायचं नाही का?" करा ना, फोटोशिवाय करा. पण आपण रोज किती घेतो, हे दान देऊन कळत नाही. ते घरातच कळतं.

माझं माहेर अकोल्याचं. काटेपूर्णा धरणाचं पाणी, नळ रोज येत नाही. आला की सगळं घर भरायला धावतं. माझी भाचरं पेलाभर पाणीही सांडत नाहीत. त्यांना कुणी व्याख्यान दिलं नाही, त्यांनी बादल्या उचलल्या आहेत.

ज्यांची समाधी आपल्या अमरावतीत आहे, ते गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, भाकरी नंतर. आणि आपल्या मुलाला खाल्लेलं ताटही उचलू देत नाही आपण! लाड म्हणे!

आपल्या धर्मात तर सगळं आयतं आहे. ऊणोदरी आहे, थाळी धुऊन पिणं आहे, पाणी गाळणं आहे. आपण ते पर्युषणापुरतं आणि सासूबाईंपुरतं ठेवलं.

आमच्याकडे आता लेक स्वतःचं ताट धुतो, पाणी गाळतो. फार बदलला असं म्हणत नाही, कुरकुरतोच. पण ताटात कमी घेतो आणि लागलं तर परत मागतो.

या वाढदिवसाला त्याला आश्रमात नेणार नाही. घरच्या पंगतीत तो वाढेल आणि शेवटी जेवेल.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मत मात्र मागे घेत नाही.