घड्याळ बोलले, पण ऐकले कोणी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. माझी आत्या सत्तरीला टेकलेली. चाळीस वर्षे लोकांकडे धुणीभांडी करून तिने तीन मुलांना शिकविले. धाकटा पुण्याला कंपनीत लागला. आईच्या छातीत अधूनमधून धडधडते, हे ऐकून त्याने हप्त्यावर एक स्मार्टवॉच घेतले, आपला जुना फोन त्याला जोडून दिला आणि घड्याळ आईच्या मनगटावर बांधले. आत्या साऱ्या आळीला ते दाखवून आली.

महिन्याभराने मी तिच्याकडे चहाला बसलो होतो. एकाएकी तिच्या हातातली बशी सुटली. तोंड एका बाजूला ओढले गेले, जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत. "काही नाही रे बाबा, चक्कर आली," म्हणू लागली. मी ऐकले नाही. सरळ सरकारी रुग्णालयात नेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहून फोन मागितला. फोनमध्ये 'हृदयाचा ताल अनियमित आहे' अशा तीन सूचना पडून होत्या. पहिली सतरा दिवसांपूर्वीची! सूचना इंग्रजीत. घड्याळ थरथरले की आत्याला वाटे, चार्जिंग संपले. ती ते चार्जरला लावून ठेवी. मुलगा पुण्याला, त्याला कळायला मार्ग नाही. आणि मी? त्या सतरा दिवसांत मी दोनदा तिच्याकडे जेवून आलो होतो. दिवसभर कचेरीत परक्यांचे कागद वाचणारा कारकून मी, पण आत्याचा फोन हातात घेऊन पाहिला नाही. त्याची लाज अजून वाटते.

या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. त्यांतले वरचे दोन तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. मग रक्त नीट पुढे जात नाही, साचते आणि त्याची गुठळी होते. ती मेंदूच्या नसेत अडकली की लकवा. हा ताल बिघडलेल्या माणसाला लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह आणि दारू ही त्याची कारणे. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत आणखी एक कारण आढळते. लहानपणी घसा सुजून पुढे सांधे धरणारा ताप येतो आणि त्यात हृदयाची झडप खराब होते. अशांना हा आजार ऐन तिशीतही गाठतो.

घड्याळ ओळखते कसे? त्याच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त कमीजास्त होते, त्यावरून घड्याळ दोन ठोक्यांमधले अंतर मोजते. पट्टा सैल असला, हात हलत असला किंवा मनगटावर दाट गोंदण असले तर मोजणी चुकू शकते. काही महागड्या घड्याळांत बोट टेकवून ३० सेकंदांत ईसीजीही निघतो. पण दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, घड्याळ एकाच बाजूने. हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत कळ आली तर घड्याळाकडे पाहत बसू नका.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलच्या घड्याळाची मोठी पाहणी केली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांपैकी २,१६१ जणांना सूचना आली, म्हणजे हजारात पाचांना. त्यांतल्या ४५० जणांनी नंतर छातीला पट्टी लावून आठवडाभर तपासून घेतले, तेव्हा शंभरात ३४ जणांत हा आजार दिसला. म्हणजे सूचना आली की आजार पक्काच, असे नाही. पण तपासणीत दिसला नाही म्हणजे नाहीच, असेही नाही. कारण हा ताल येतो आणि जातो. आत्याचाही त्या दिवशीचा ईसीजी चांगला निघाला. २४ तास अंगावर बांधायचे होल्टर यंत्र लावल्यावर खरे कळले.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की घड्याळ संशय घेते, निवाडा डॉक्टरांचा. ते विकत घेण्यासाठी कर्ज काढू नका. स्वस्तातली बहुतेक घड्याळे फक्त ठोके मोजतात, ताल तपासत नाहीत.

आपली बोटे मात्र फुकट आहेत. पाच मिनिटे शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटे ठेवा, अंगठा नको. पुरे एक मिनिट मोजा. बसल्या जागी ६० ते १०० ठोके ठीक. एखादा ठोका चुकला तर घाबरू नका. पण ठोक्यांना तालच सापडत नसेल, तर ईसीजी काढून घ्या. पासष्टीपुढच्या आईवडिलांची नाडी घरातल्या कोणीतरी महिन्यातून एकदा तरी पाहावी.

घरात कोणाला घड्याळ दिलेच असेल, तर त्यावरची सूचना रोज वाचणारा माणूसही ठरवून द्या. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली, तर बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नका. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आपोआप बरे वाटले तरी दवाखान्यात जाच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आत्या आता वेळेवर गोळी घेते. घड्याळ अजून मनगटावर आहे. ते थरथरले की शेजारच्या सातवीतल्या मुलीला हाक मारते, "ये गं बाळ, बघ जरा, काय म्हणतंय ते."