व्हाइस सरळ, तर काम सरळ



'मिल' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऊस पिळणारी मिल उभी राहते. आज आम्ही लिहीत आहोत ते वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या मिलिंग मशिनविषयी. बेणे, लागण, खताचे हप्ते सोडून ऊस विकास अधिकाऱ्याने लोखंडात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण ऐन हंगामात मिल थांबली की पहिली विचारणा आमच्या ऊस विभागाकडेच होते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो आणि तोडणीची टोळी बसून राहते. म्हणून हा विषय आमचाही आहे आणि आपलाही.

बंद हंगामात वर्कशॉपमध्ये डोकावणारे सभासद कधी कधी म्हणतात, "साहेब, तासभर झाला, ते पोरगं नुसतं टकटक करतंय. कामाला हात कधी घालणार?" आमचे स्पष्ट मत असे की, ती टकटक हेच काम आहे, आणि ती शिकायला शिकाऊ मुलांना आज मिळतो त्याहून जास्त वेळ मिळाला पाहिजे.

मिलिंग मशिनवर कटर फिरतो आणि टेबल सरकते. टेबलावर बसवलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब धरलेला असतो. व्हाइस टेबलाच्या चालीशी समांतर नसेल तर कटर कितीही धारदार असो, कापणी तिरपीच होणार. पहिली सरी दोरी लावून सरळ काढली नाही तर पुढच्या सगळ्या सऱ्या तिच्यासारख्याच वाकड्या निघतात, हे आपल्याला सांगायला नको. फरक एवढाच, की सरीचा बाक डोळ्याला दिसतो. व्हाइसचा बाक दिसत नाही, त्याला डायल लावावा लागतो.

शिकण्याची रीत अशी. आधी टेबल आणि व्हाइसचे बूड पुसून घ्यायचे. लोखंडाचा एक कीस खाली राहिला तरी पुढची मेहनत वाया. मग एक बोल्ट बेताचा आवळायचा, दुसरा सैल ठेवायचा. डायल स्पिंडलला बांधून त्याचे टोक व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवायचे. हलत्या जबड्याला नाही, कारण तो आवळताना किंचित उचलला जातो. त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आता टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचे आणि काटा बघायचा. डायलचा एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर. काटा हलला की रबरी किंवा तांब्याच्या हातोड्याने हलकेच टकटक करायची, पुन्हा टेबल फिरवायचे, पुन्हा बघायचे. दोन्ही टोकांना काटा एकच आकडा दाखवू लागला की बोल्ट पक्के आवळायचे. आणि इथेच नवखा पोरगा फसतो. आवळताना व्हाइस पुन्हा सरकतो, म्हणून आवळल्यावर एकदा डायल फिरवून बघितल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणायचे नाही.

एवढ्या बारकाव्याने काय साधते? शाफ्टवर चावीची खाच पाडतात तेव्हा चावी आणि खाच यांचा मेळ शतांश मिलिमीटरांत बसावा लागतो. खाच तिरपी गेली तर चावी एका कोपऱ्यावर टेकते, भार पडला की ढिली होते, ठोके बसून खाच रुंदावते आणि शेवटी शाफ्टच निकामी होतो. असा शाफ्ट रसाच्या पंपाचा किंवा केन कॅरिअरचा असला तर तो रात्री दोन वाजता हिसका दाखवतो. वर्कशॉपमध्ये वाचवलेला अर्धा तास मग आपल्या फडातून वसूल होतो!

कोणी म्हणेल, आता कॉम्प्युटरवर चालणारी मशिने आली. आली खरी; पण व्हाइस वाकडा असेल तर ती मशिनेही वाकडेच काम करतील, फक्त जास्त वेगाने.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआय झालेली मुले कारखान्यांत येतात. त्यांतली बरीच आपल्याच घरची असतात. त्यांना झाडलोट आणि ग्रीसचे डबे वाहायला लावून वर्ष काढणे म्हणजे चांगल्या बेण्याला पाणीच न देण्यासारखे आहे. आमची सूचना अशी की, बंद हंगामात प्रत्येक शिकाऊ मुलाने किंवा मुलीने आठ दिवस रोज सकाळी व्हाइस टेबलावरून उतरवावा, पुन्हा बसवावा आणि मिस्त्रींनी स्वतः डायल फिरवून तपासावा. दोन टोकांतला फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय जॉब बांधू देऊ नये.

शेतकऱ्याच्या पोराला हे जमत नाही, असे कोणी मनात आणू नये. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला, तिथले लोखंडी नांगर खेड्यातल्या माणसांच्याच हातून घडले.

सभासदांना आमची एक विनंती आहे. मुलाला ऑफिसात खुर्ची मिळावी म्हणून चिठ्ठी घेऊन येण्याआधी त्याला एकदा वर्कशॉपमध्ये पाठवा. आणि पुढच्या वेळी टकटक ऐकू आली तर घाई करू नका. पोराला एवढेच विचारा, "आवळल्यावर पुन्हा बघितलंस का रे?"