एक गुणी मुलगा आणि त्याचे अनेक न्यायाधीश

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु तो पाळणा कोणत्या घरात टांगलेला आहे आणि त्या घराचे छप्पर गळते की काय, याची चौकशी ही म्हण करीत नाही. अंगी अलौकिक गुण असलेले मूल चुकले, अथवा चुकले असा नुसता बोभाटा झाला, म्हणजे समाज त्याचा न्याय किती घाईने करतो, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना नित्य छळणारा आहे. तो विचारात घेण्यासाठी यावेळी आम्ही वाचकांना थोडे दूर, अमेरिकेत नेत आहोत. ज्याची कथा सांगावयाची तो बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हरसन.

आयव्हरसनचा जन्म ७ जून १९७५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन या गावी झाला. त्यावेळी त्याची आई अवघी पंधरा वर्षांची होती. पित्याचे छत्र नाही, घरात पैशांची चणचण आणि शेजार असा की, गोळीबाराचे आवाज मुलांच्या कानांच्या सवयीचे व्हावेत. अशा ठिकाणी वाढलेला हा किरकोळ अंगलटीचा मुलगा बेथेल हायस्कूलमध्ये दोन खेळांत एकाच वेळी चमकू लागला. १९९२-९३ या एकाच शालेय वर्षात त्याच्या शाळेने अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलमध्ये आणि बास्केटबॉलमध्येही राज्याचे अजिंक्यपद मिळविले. दोन्ही संघांचा कणा हाच मुलगा होता. मोठमोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्या दारी येऊ लागले होते.

आणि त्याच वर्षी घात झाला. १४ फेब्रुवारी १९९३ च्या रात्री गावातील एका बोलिंगच्या क्रीडागृहात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन टोळक्यांत बाचाबाची होऊन हाणामारी जुंपली, खुर्च्या फेकल्या गेल्या. भांडण दोन्ही बाजूंचे, परंतु अटक झाली ती चारच तरुणांना आणि ते चौघेही कृष्णवर्णीय होते. आयव्हरसनने एका स्त्रीच्या डोक्यात खुर्ची मारली, असा आरोप ठेवण्यात आला. त्याने तो नाकारला. वय सतरा वर्षांचे असूनही त्याच्यावर प्रौढ गुन्हेगाराप्रमाणे खटला चालविण्यात आला. ज्या कायद्याखाली तो दोषी ठरला, त्याचा इतिहास तर फारच उद्बोधक आहे. जमावाने एखाद्याला जायबंदी करण्याविरुद्धचे ते कलम मुळात कृष्णवर्णीयांना झुंडशाहीपासून वाचविण्यासाठी आलेले होते! पंधरा वर्षांची शिक्षा झाली, तीतील दहा वर्षे स्थगित ठेवण्यात आली.

चार महिने तुरुंगात काढल्यावर १९९३ च्या अखेरीस राज्यपाल डग्लस वाइल्डर यांनी त्याला सशर्त दया दाखविली. पुढे १९९५ साली अपील न्यायालयाने पुराव्याअभावी ती शिक्षाच रद्द ठरविली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष सुटला. परंतु दोन वर्षे वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून रंगलेले त्याचे चित्र कोणत्या न्यायालयाने रद्द करावयाचे? त्या खटल्याने हॅम्प्टन गाव वर्णाच्या रेषेवर दुभंगले. याच गावात वाढलेले चित्रपटकार स्टीव्ह जेम्स यांनी २०१० साली या प्रकरणावर अनुबोधपट काढला. सतरा वर्षांनंतरही ती जखम पुरती भरली नव्हती, हे त्यात दिसून येते.

आमच्या मते या कथेतील सर्वांत मोलाचा भाग मैदानावर घडलाच नाही. शिक्षण पुरे होईपर्यंत संघाकडून खेळावयाचे नाही, असे बंधन सुटकेबरोबर त्याच्यावर आले होते. ज्याच्यासाठी सारे गाव सामने पाहावयास लोटत होते, तो मुलगा मैदानाऐवजी पुस्तकांपुढे बसला. एका शिक्षिकेच्या खासगी शिकवणीच्या मदतीने त्याने उरलेला अभ्यास पूर्ण केला. इकडे त्याच्या आईने जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन यांना गाठून, माझ्या मुलाला पदरात घ्या, अशी विनवणी केली. इतर विद्यापीठांनी पाठ फिरविली असता थॉम्प्सन यांनी त्याला जागा दिली.

हे थॉम्प्सन मोठे विलक्षण गृहस्थ. आपल्या खेळाडूंपर्यंत ते पत्रकारांना सहजासहजी पोहोचू देत नसत आणि त्याबद्दल पत्रकारांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला होता. त्यांच्या कचेरीत हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. चेंडूतील हवा एके दिवशी जाणारच आहे, त्यानंतर तुझ्यापाशी काय उरणार, हा प्रश्न तो चेंडू प्रत्येक मुलाला मुकाट्याने विचारीत असे. शंभर व्याख्यानांनी साधणार नाही ते अशा एका वस्तूने साधते, हे शिक्षकीपेशातील कोणीही मान्य करील.

दोन वर्षांनी, १९९६ साली, एनबीए या व्यावसायिक स्पर्धेच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत आयव्हरसनला पहिल्या क्रमांकाने फिलाडेल्फिया संघाने उचलले. जेमतेम सहा फूट उंचीचा हा खेळाडू सात-सात फुटी धिप्पाड गड्यांच्या गर्दीत शिरून गुण मिळवू लागला. १९९७ च्या मार्चमध्ये मायकेल जॉर्डनसारख्या सम्राटाला त्याने हुलकावणी दिली, ती क्षणचित्रे आजही आवडीने पाहिली जातात. २००१ साली तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत लॉस अँजेलिसच्या बलाढ्य संघाला पहिल्या सामन्यात त्याने एकट्याने ४८ गुण मिळवून नमविले. पुढचे चार सामने संघाने गमावले खरे, परंतु त्या एका सामन्याची आठवण विजेत्यांच्या चषकाइतकीच टिकून राहिली.

तथापि छायाचित्रकारांचे लक्ष त्याच्या खेळाइतकेच त्याच्या वेण्या, गोंदण आणि सैल कपड्यांकडे असे. एनबीएच्या अधिकृत 'हूप' मासिकाने तर मुखपृष्ठावरील त्याच्या चित्रातून गोंदण पुसून टाकले! त्याची लोकप्रियता हवी, परंतु तो जसा आहे तसा नको, असा हा व्यवहार होता. २००५ साली खेळाडूंच्या पोशाखाचे नियम आले, तेव्हा ते प्रामुख्याने त्यालाच उद्देशून आहेत, असा बहुतेकांचा समज झाला.

७ मे २००२ रोजी झालेली त्याची पत्रकार परिषद तर दंतकथाच होऊन बसली आहे. सरावाला न येण्याबद्दल प्रश्न निघताच त्याने 'सराव' हा शब्द वीसहून अधिक वेळा उच्चारला, जणू तो शब्दच हास्यास्पद असावा. ती काही क्षणांची चित्रफीत दूरचित्रवाणीने वर्षानुवर्षे दाखविली आणि जग हसत राहिले. परंतु त्याच परिषदेत त्याने आपला जिवलग मित्र गेल्याचे सांगितले होते. त्या मित्राचा २००१ च्या ऑक्टोबरात खून झाला होता. दुःखाचा तो भाग कापला गेला, विनोदाचा तेवढा उरला.

म्हणून आयव्हरसन अगदी धुतल्या तांदळासारखा होता, असे आम्ही म्हणणार नाही. १९९७ साली त्याच्यावर पिस्तूल बाळगल्याचा आरोप आला आणि त्याने तो लढविला नाही. सरावाची टाळाटाळ हा कोणत्याही संघात दोषच होय. खेळातून अफाट पैसा मिळवूनही पुढे त्याला आर्थिक ओढाताण सोसावी लागली. दोष होते तेथे दोष म्हटलेच पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो, सिद्ध झालेला दोष आणि नुसता प्रवाद यांना एकाच तराजूत घालण्याला.

हे सारे परदेशचे पुराण म्हणून सोडून देता येत नाही. पूर्वी गावातील मुलाची आगळीक फार तर गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि चार पावसाळ्यांत धुऊन निघे. आता प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असलेला मोबाइल आहे. मुलगा एखाद्या स्पर्धेत जिंकतो आणि त्याच आठवड्यात त्याच्या भांडणाची चित्रफीत घरोघर फिरते. ती पुढे धाडणारे हात पुष्कळदा आपल्याच घरांतील, सुशिक्षित माणसांचे असतात. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना लोकापवादाची धास्ती अंमळ अधिकच. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने अशा वेळी आईबापही मुलाकडे पाठ फिरवितात. नेमकी त्याच वेळी त्याला त्यांची खरी गरज असते.

आमचे मागणे थोडके आहे. मुलाचा पराक्रम गाताना त्याचा अभ्यास चुकू देऊ नये. तो चुकला तर त्याला चूक स्पष्ट सांगावी, परंतु घराचे दार बंद करू नये. आणि कोणाच्याही मुलाची अर्धवट हकीकत हाती आली, तर उरलेली अर्धी कळेपर्यंत ती आपल्यापाशीच ठेवावी.

२०१६ साली बास्केटबॉलच्या गौरव-मंदिरात आयव्हरसनची प्रतिष्ठापना झाली. त्या प्रसंगी डोळ्यांत पाणी आणून त्याने, थॉम्प्सन यांनी आपला जीव वाचविला, अशी कृतज्ञता बोलून दाखविली. २०२० साली थॉम्प्सन निवर्तले. २०२४ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया संघाने त्याचा पुतळा उभारला, तोही आपल्या सराव-केंद्राच्या आवारात. सरावावरून ज्याची जगाने टर उडविली, त्याच्याच पुतळ्यावरून आज त्या संघाचे तरुण खेळाडू सरावाला जातात. आपल्या शाळांतून आणि मोहल्ल्यांतून असे किती गुणी जीव थॉम्प्सनची वाट पाहत असतील, याचा शोध मात्र आपणच घ्यावयाचा आहे.