ढीग रचण्याआधी दगड तपासा

'आपल्या सोलापुरात कुठं कोळशाच्या खाणी आहेत, ताई?' असं आमच्याच गटातल्या एकीनं विचारलं. खाणी नाहीत, पण फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात 2017 पासून कोळसा जळतो आणि त्यातला न जळणारा दगड राख होऊन आपल्याच जिल्ह्यात उरतो.

गोव्यात एक टन लोहखनिजामागे साधारण अडीच-तीन टन दगडमाती बाहेर टाकली गेली. डिचोली, सत्तरी, सांगे इथं तिचे डोंगर झाले, पावसात लाल गाळ भातशेतीत उतरला. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2012 मध्ये खाणी थांबवल्या, 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. डिसेंबर 2022 पासून पुन्हा खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले.

ढिगातून काय झिरपणार हे खोदण्याआधी कळू शकतं. दगडात पायराइट, म्हणजे गंधक असलेलं लोहखनिज, असेल तर हवापाण्यानं त्याचं गंधकाम्ल होतं आणि ते धातू विरघळवून पाण्यात आणतं. चुनखडी त्या आम्लाला मारते. दोन्हींचा हिशेब प्रयोगशाळेत काही दिवसांत मांडता येतो. दगड आलटून पालटून ओला-कोरडा करून प्रत्यक्ष काय झिरपतं ते पाहायला मात्र किमान 20 आठवडे लागतात. कोळशाच्या खाणीत भीती आम्लाची, गोव्यात अधिक करून मँगनीज आणि बारीक गाळाची. आधी कळलं तर घातक दगड वेगळा काढून झाकता येतो. उशिरा कळलं तर पिढ्यान् पिढ्या पाणी शुद्ध करत बसायचं.

आणि नियम काय? खाणीच्या पर्यावरण अहवालाला पावसाळा सोडून एकाच हंगामाची मूळ माहिती पुरते. झिरपायचं पावसाळ्यात आणि मोजायचं उन्हाळ्यात! याला तपासणी म्हणायचं का?

भांड्याला तांबूस थर बसतो, पाण्याची चव बदलते, ते आधी पाणी भरणारीला कळतं. पण तिच्या सांगण्याला पुरावा मानत नाहीत. एका गावबैठकीत एक मावशी म्हणाल्या, 'बाटलीत पानी नेलं, पर काय निघालं ते कुनी सांगितलं न्हाई.' तिथं खाण नव्हती, तरी गोष्ट तीच.

जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. मैत्रिणींनो, त्या सारांशात दगडाच्या चाचणीचे आकडे आहेत का, ते आधी बघा. नसतील तर सुनावणीत उभं राहून मागा, आणि मागितल्याची नोंद इतिवृत्तात झाल्याशिवाय उठू नका.